दोन गाठींची बाटली

"नंदा, हे तीळतेल जुनं आहे."

मथुराताईंनी बाटली नाकापासून लांब धरली आणि माझा आवाज नेहमी जिकडून यायचा तिकडं तोंड केलं.

"जुनं कसं असेल? परवाच डबा फोडलाय."

"डबा परवा फोडला असशील. घाण्यातनं ते कधी निघालं ते अण्णांना विचार."

अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यामागं बसून हसले. "दे त्यांना आतल्या पिंपातलं. ह्या बाईंच्या नाकापुढं आपलं काही चालायचं नाही."

कराडला सोमवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. आजोबांनी सुरू केलेलं. वाळा, नागरमोथा, गवला कचोरा, कापूरकाचरी पोत्यांतून भरलेली असायची, आणि वरच्या फळीवर काळपट काचेच्या बाटल्यांत सुगंधी तेलं. गवती चहाचं, लवंगेचं, निलगिरीचं, वाळ्याचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकान. संध्याकाळी घरी गेल्यावर केस सोडले की खोलीभर दुकान पसरायचं. आजही कुठं वाळ्याचा पडदा भिजवलेला असला, की मला ती फळी दिसते आणि त्या फळीखाली पांढऱ्या काठीवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिलेल्या मथुराताई दिसतात.

मथुरा साळवी पाटणकडच्या डोंगरातल्या. पाच वर्षांच्या असताना देवी आल्या आणि डोळे गेले. मुंबईच्या अंधशाळेत त्या मालिश शिकल्या, तिथल्याच एका दवाखान्यात बारा वर्षं काम केलं, आणि चाळिशीच्या जवळ आल्यावर कराडला येऊन आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. खोलीत एक उंच बाक, एक खुर्ची, एक फळी. खिडकी कायम उघडी. बायका यायच्या. दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या सुना, कापडाच्या दुकानातल्या मुली. पाठ दुखते म्हणून यायच्या, पण खरं तर एक तास कुणी काही मागणार नाही म्हणून यायच्या. खोलीत कोपऱ्यात चुलीवर गरम पाण्याचं भांडं असायचं, त्यात दोन थेंब तेल. बाई बाकावर पालथी झाली की मथुराताई म्हणायच्या, "आता हा तास तुमचा. बोलायचंसुद्धा नाही."

तेलाच्या बाबतीत मात्र त्यांचा कडक कारभार होता. "वास गोड आहे म्हणून वस्तू गरीब समजू नकोस," त्या मला सांगायच्या. "गवती चहाचा नुसता थेंब कातडीवर राहिला तर चट्टा उठवतो. डोळ्याच्या आसपास तर न्यायचंच नाही." शंभर मिली तीळतेलात चाळीस थेंब, त्याच्या पुढं एक नाही. नवीन बाई आली किंवा नवीन बाटली उघडली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून थांबायचं. दिवस गेलेली बाई असेल किंवा कुणी तान्हं मूल घेऊन आलं, तर नुसतं खोबरेल. एकदा एका बाईनं झोप यावी म्हणून दोन थेंब दुधातून घेऊ का विचारलं, तर मथुराताईंनी तिला अशी झापली की ती आमच्या दुकानात येऊन रडली.

दर महिन्याला मी त्यांना दोन बाटल्या करून द्यायची. एक तयार तेल, अंगाला लावायचं. दुसरं जहाल, तिसरा हिस्सा सुगंधी तेल असलेलं. ते पाण्याच्या भांड्यात टाकायला आणि गरज पडली तर पातळ करून घ्यायला. बाटल्या सारख्याच. म्हणून मानेला दोरा बांधायचा. तयार तेलाला एक गाठ, जहाल तेलाला दोन. त्या निघण्यापूर्वी दोन्ही बाटल्या उघडून हुंगायच्या, मग पिशवीत टाकायच्या.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या बुधवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उटणं, सुगंधी तेल, शिकेकाई, सगळ्यांना सगळं त्याच दिवशी हवं होतं. मथुराताई आल्या त्या रुमाल नाकाला लावूनच.

"डोकं नुसतं जड झालंय गं. चार दिवस झाले, कसला वास नाही की काही नाही. आज तूच बघून दे. तुझ्या नाकावर नेते."

मी बाटल्या भरल्या. थेंब मोजले, ते मला पक्कं आठवतं. दोरे बांधत होते तेव्हा एक बाई उटण्याच्या पुड्यांवरून अण्णांशी हुज्जत घालत होती आणि अण्णा मला हाक मारत होते. मी गाठी मारल्या, बुचं घट्ट केली, बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. त्या पायरी उतरत असताना माझ्या मनात आलं, एकदा उघडून बघावं. हाक मारायला तोंडही उघडलं होतं. पण पुढं माणसं होती, आणि त्या गर्दीतून गेल्या.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून तासही झाला नसेल, एक गिऱ्हाईक दुसरीला सांगत होती, "जगदाळ्यांच्या सुनेची पाठ भाजली म्हणे त्या आंधळीनं. फोड आलेत, फोड!"

"तरी मी म्हणत होते. दिसत नाही त्या बाईच्या हातात अंग द्यायचंच कशाला?"

माझ्या हातात मापाचं भांडं होतं ते मी खाली ठेवलं. वत्सलावहिनी जगदाळे, नगरसेवकांची बायको. दर गुरुवारी दुपारी तीनला न चुकता मथुराताईंकडं जायच्या. चौदा माणसांच्या घरात राबणाऱ्या, आणि त्या एका तासासाठी सासूशी भांडून निघणाऱ्या.

दुपारी दुकान बंद केल्यावर मी अण्णांना सांगितलं. "मला वाटतं गाठी चुकल्या माझ्या."

"वाटतं, की माहीत आहे?"

"वाटतं."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "जगदाळे तक्रार करीन म्हणतोय. उद्या दुकानाचं नाव आलं तर दिवाळीच काय, पुढंही कुणी आपल्याकडचं तेल डोक्याला लावायचं नाही. खात्री नसताना बोलू नकोस." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाऊन बघून ये आधी."

मी गेले. मथुराताई खुर्चीत बसल्या होत्या, शाल पांघरून. खोलीत कुणी नव्हतं. शुक्रवारी तीन-तीन बायका असायच्या.

"नंदा ना? ये. चप्पल वाजली तुझी."

"कसं झालं, मथुराताई?"

"काय सांगू? हात लावला आणि पाच मिनिटांत वहिनी ओरडल्या, आग होतीय म्हणून. मी म्हटलं, थांबा, साध्या तेलानं पुसून काढते, पाणी लावू नका. पाण्यानं तेल निघत नाही, पसरतं. ऐकायच्या मनःस्थितीत कुठल्या त्या? तशाच घरी पळाल्या आणि पाठीवर तांब्यावर तांब्या पाणी ओतून घेतलं." त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "नाक बंद असताना मी कामाला बसायलाच नको होतं. माझी चूक."

फळीवर दोन्ही बाटल्या होत्या. मी उठून त्या बघितल्या. एक गळ्यापर्यंत भरलेली, दुसरी थोडी वापरलेली. वापरलेलीचं बूच काढलं तर वास डोळ्यांत गेला. जहाल तेल. पण दोरा? दोन्ही बाटल्यांच्या मानेला दोराच नव्हता.

दोरे नाहीत म्हणजे मी काय बांधलं होतं ते कुणालाच कळणार नाही. कदाचित मी बरोबर बांधलं असेल आणि त्यांनीच चुकीची बाटली उचलली असेल. सर्दी झालेली, डोकं जड, होऊ शकतं. हा विचार मनात आला आणि मला बरं वाटलं. हे सांगायला आजही लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं.

"काय बघतेस?" मथुराताईंनी विचारलं.

"काही नाही. येते मी."

दिवाळी आली. पहाटे अण्णांनी पाट मांडला, मी उटणं भिजवलं, सगळं नेहमीसारखं केलं. अंगाला तेल लावताना मला माझ्याच हाताची भीती वाटत होती. पाडवा झाला, भाऊबीज झाली. मागच्या गल्लीतल्या त्या खोलीकडं कुणी फिरकेना. मी दुपारी मुद्दाम त्या बाजूनं जायची. दार उघडं, खिडकी उघडी, आणि आत मथुराताई एकट्याच खुर्चीत.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी त्या दुकानात आल्या. सर्दी गेली होती. पायरीवरच थांबून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वाळा नवीन आलाय वाटतं."

"होय, कालच," अण्णा म्हणाले. "बसा की."

"बसत नाही. एवढंच सांगायला आले, या महिन्यात बाटल्या करू नका. घरमालक खोली सोडा म्हणतायत. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनाही गावात राहायचंय. मुंबईला जुन्या दवाखान्यात विचारून बघते. ठेवून घेतील."

"केव्हा निघणार?"

"सोमवारी."

अण्णा गल्ल्यामागून बाहेर आले. उटण्याची मोठी पुडी घेतली आणि त्यांच्या हातात ठेवली. "मुंबईला असलं मिळत नाही," एवढंच त्यांना बोलता आलं. मथुराताईंनी पुडी हुंगली, हसल्या, काठीनं पायरी चाचपून उतरल्या.

मी वजनाच्या काट्याकडं बघत होते. अण्णाही कुठंतरी तिसरीकडंच बघत होते. दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं.

"नंदा," ते म्हणाले, "चपला घाल."

"कुठं जायचंय?"

"तुला माहीत आहे कुठं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी येऊ का बरोबर?"

"नको."

जगदाळ्यांच्या वाड्याला पुढं ओसरी होती आणि तिथं जगदाळे चार माणसांत बसले होते. मी वहिनींना उटणं द्यायचंय असं सांगून आत गेले. वत्सलावहिनी परसात धुण्याच्या दगडापाशी पातेली घासत होत्या. पाठीला कापड लागू नये म्हणून पदर सैल सोडलेला. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. बाटल्या, गाठी, गर्दी, न मारलेली हाक. दोरे आता नाहीत, त्यामुळं सिद्ध काही होत नाही, हेही सांगितलं.

"पण माझी खात्री आहे," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं.

वहिनींनी हातातली राख धुतली. मला वाटलं आता त्या नवऱ्याला हाक मारतील. त्या दगडावर बसल्या.

"दर खेपेला नवीन तेल आलं की ती कोपराला लावून बघते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही म्हणाली, वहिनी, नवीन बाटली आहे, जरा थांबू. मीच म्हटलं, कशाला वेळ घालवतेस, घरी चकलीचं पीठ भिजवून आलेय. लाव लवकर. दोनदा म्हटलं." त्यांनी ओला हात गालावरून फिरवला. "घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, तपासून लावलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं. का नाही ते सांगितलंच नाही."

आतून सासूबाईंनी हाक मारली, वहिनींनी ओ दिली नाही.

"ती काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"म्हणते, माझी चूक."

"तुझं नाव नाही घेतलं? माझं?"

"कुणाचंच नाही."

वहिनी उठल्या, पदर नीट केला, आणि मागच्या दारानं नाही, ओसरीवरून निघाल्या. मी मागोमाग. चार माणसांसमोर जगदाळ्यांनी विचारलं, "कुठं निघालीस?"

"मथुराबाईंकडं."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. रात्री सांगते सगळं." आणि ती बाई, जी उभ्या आयुष्यात नवऱ्यासमोर चार माणसांत बोलली नव्हती, पेठेतून भर उन्हात डोक्यावरचा पदर सावरत चालत गेली. दुकानांच्या फळ्यांवरून माणसं बघत होती. आमच्या दुकानावरून गेलो तेव्हा अण्णा उभे राहिले.

मथुराताई ट्रंक भरत होत्या. वहिनी दारातच म्हणाल्या, "मथुराबाई, मी आलेय. तुम्ही थांबू म्हणाला होता, मी ऐकलं नाही. आणि नंतर खोटं बोलले."

मथुराताईंनी हातातलं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं. "खोटं नाही हो. अर्धं." त्यांनी चाचपत बाकावरची धूळ पुसली. "पाठीला अजून महिनाभर काही लावायचं नाही. झोपा कुशीवर. पाय द्या माझ्याकडं."

वहिनींच्या भेगाळलेल्या टाचा त्यांनी मांडीवर घेतल्या. साधं खोबरेल. मी खिडकीशी उभी होते. पाच-सात मिनिटांत वहिनींचा श्वास लांबला आणि त्या तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या. मथुराताईंचे अंगठे तळव्यावरून फिरत राहिले. तास झाल्यावर त्यांनी हलकेच खांद्याला हात लावून उठवलं. जाताना वहिनींनी दारातून वळून मथुराताईंचा हात एकदा दोन्ही हातांत धरला.

मीही निघणार होते.

"तू थांब," मथुराताई म्हणाल्या. "दोरे मी काढले."

मी दारातून मागं वळले.

"वहिनी पळत गेल्या आणि मी बाटलीची मान चाचपली. एकच गाठ होती. मग दुसरीची चाचपली, तिला दोन. म्हटलं आता जगदाळे माणसं घेऊन येणार, बाटल्या बघणार. कात्रीनं दोरे कापले आणि चुलीत टाकले."

"का?"

"मला काय, ट्रंक उचलली की दुसरं गाव. अण्णा ते दुकान उचलून कुठं नेणार?" त्या माझ्या दिशेनं आल्या. "आणि तुझ्या एकटीचं नव्हतंच ते. हाताला तेल पातळ लागलं होतं मला. थंडीत तीळतेल जरा जड लागतं. लागलं पातळ, आणि तरी मी हात चालवला. नाकानं सांगितलं नाही, पण हातानं सांगितलं होतं की."

"मी आले होते त्या दिवशी, तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू सांगितलंस का?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून बघितलं, बाजारात फळ बघावं तसं.

"किती दिवस झाले? तेरा? दगड झालेत नुसते. हो पालथी."

"मी? नको. मी कधी..."

"हो म्हणते ना."

मी बाकावर पालथी झाले. त्यांना तेल मीच करून द्यायची, पण त्यांच्या हाताखाली कधी गेले नव्हते. त्यांनी खोबरेल तळहातावर घासून कोमट केलं. पहिला हात मानेच्या मुळाशी पडला. आई मी अकरावीत असताना गेली. तेव्हापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता, आणि हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी उशीत तोंड खुपसून रडले. त्यांचा हात थांबला नाही, घाईही केली नाही.

त्यानंतर मथुराताई कराडला आणखी अठरा वर्षं राहिल्या, त्याच खोलीत. घरमालकाशी बोलायला जगदाळे स्वतः गेले होते, म्हणजे वहिनींनी पाठवलं होतं. अण्णांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गाठींची गोष्ट आपण होऊन सांगितली, माझं नाव न घेता, "आमच्याकडनं चुकलं" म्हणून. काही गिऱ्हाइकं तुटली. बरीचशी परत आली. ते दुकान मी पुढं तेवीस वर्षं चालवलं.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. मला जाग आली तेव्हा खोलीत तांबूस उजेड होता आणि अंगावर मथुराताईंची शाल होती. त्या खोलीत नव्हत्या. बाहेरून त्यांचा दबका आवाज येत होता. मी उठून दाराशी गेले. पायरीवर शाळेतल्या दोन बाई आणि कापडाच्या दुकानातली एक मुलगी, तिघी ओळीनं बसल्या होत्या, आणि मथुराताई दारात आडव्या उभ्या राहून त्यांना सांगत होत्या,

"हळू बोला. आत पोर झोपलीय."